शॅपच्या चढावरचं घड्याळ

(साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मी मूळची शिरवळची. खंबाटकीच्या पायथ्याला ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना ट्रकचे आवाज शिकवावे लागत नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही भावंडं ओळखायचो, ही भरलेली चालली, ही रिकामी उतरली. माझे थोरले काका, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, ते लेलँड चालवायचे. कॉमेट. मुंबई-बंगळूर रस्त्यावर त्यांची पंचवीसेक वर्षं गेली. त्यामुळे ‘लेलँड’ हा शब्द मला ‘बैलगाडी’सारखाच वाटायचा, म्हणजे वाहनाची एक जात. लग्न होऊन १९७३ साली मी इंग्लंडमध्ये लँकाशायरला, प्रेस्टनला गेले. पहिल्याच आठवड्यात बसथांब्यावर उभी असताना एक बस आली आणि तिच्या कपाळावर पाटी होती, लेलँड. कुणीतरी पैठणी नेसत आयुष्य काढावं आणि म्हातारपणी कळावं की पैठण नावाचं गाव आहे, तसं झालं. प्रेस्टनच्या दक्षिणेला सहा मैलांवर ते गाव. १८९६ साली तिथं वाफेच्या गाड्या बनवणारा कारखाना निघाला, १९०७ मध्ये त्यानं गावाचंच नाव घेतलं, आणि त्या नावाची गाडी पुढं मद्रासमार्गे आमच्या शिरवळला पोचली. मद्रासला १९४८ मध्ये अशोक मोटर्स निघाली होती, १९५५ मध्ये तिची अशोक लेलँड झाली.

मी आप्पांना पत्र लिहिलं की तुमच्या गाडीच्या माहेरी आले आहे. त्यांचं उत्तर आलं, तिथल्या ड्रायव्हरांना विचार, पाय कुठं ठेवतात. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. तो प्रश्न लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे येणार आहे.

१९७५ मध्ये मला एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात कारकुनी मिळाली. काम असं होतं की ड्रायव्हर परत आला की खिडकीतून त्याची लॉगशीट घ्यायची, तास मोजायचे, मैल मोजायचे, डिझेलच्या पावत्या जोडायच्या आणि आठवड्याचा पगार काढायचा. त्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं बसले. लँकाशायरचे ड्रायव्हर बायकांना सरसकट ‘लव्ह’ म्हणतात, आपल्याकडं ‘ताई’ म्हणावं तसं. पहिले सहा महिने मी दचकायचे. मग सवय झाली, आणि खिडकीत कागद सरकवता सरकवता ते बोलायला लागले. निवृत्त झाल्यावर मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी जायला लागले. त्यात १९४० आणि ५०च्या दशकात गाडीवर बसलेले म्हातारे होते. आज जे सांगणार आहे ते त्यांच्याकडचं आहे, आणि माझ्या खिडकीतल्या खतावणीतलं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना का जुळत नाहीत, हा माझा आजचा विषय.

आधी थोडा भूगोल. प्रेस्टनपासून तासा-दीड तासाच्या परिसरात ब्रिटनच्या अवजड ट्रकांचं निम्मं घराणं राहत होतं. लेलँड तर शेजारीच. रिबल नदीच्या पलीकडं वॉल्टन-ले-डेलला ॲटकिन्सन, जिच्या तोंडावर गोलात मोठं ‘ए’ असायचं. मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला गार्डनरचा इंजिनांचा कारखाना. आणि खाली चेशायरमध्ये सँडबॅच हे छोटंसं गाव, तिथं एकाच घरातून फुटलेल्या दोन कंपन्या, फोडेन आणि ईआरएफ. दक्षिणेकडं वॉटफर्डला स्कॅमेल, साऊथहॉलला एईसी, मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला गाय. एईसी म्हणजे लंडनच्या लाल बसवाली, तिचेच मॅमथ मेजर आणि मँडेटर हे ट्रक.

सँडबॅचची गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखीच आहे. फोडेनची वाफेवर चालणारी वॅगन जगात नावाजलेली. पण एडविन रिचर्ड फोडेन म्हणायला लागले की वाफेचे दिवस संपले, आता डिझेलकडं वळलं पाहिजे. घरात वाद झाला, ते बाहेर पडले आणि १९३३ मध्ये मुलाला बरोबर घेऊन नवी कंपनी काढली. नाव काय, तर स्वतःची आद्याक्षरं, ईआरएफ. पहिल्या गाडीच्या चॅसीला नंबर घातला ६३, कारण त्यांचं वय तेव्हा त्रेसष्ट होतं. ज्या वयात आपण नातवंडांना शाळेत सोडायला जातो त्या वयात. सँडबॅचमध्ये आजही बँडचं नाव फोडेनचंच आहे. कामगारांचा तो पितळी वाद्यांचा बँड १९०० सालापासून वाजतोय. गाड्या मात्र दोन्ही नावांच्या बंद झाल्या, एक २००६ मध्ये, दुसरी त्यानंतर वर्षभरात.

आता शॅप.

लँकाशायरहून स्कॉटलंडला जाताना केंडल गाव सोडलं की ए-६ रस्ता शॅपचा डोंगर चढायला लागतो. माथा साधारण चौदाशे फुटांवर. तुम्ही म्हणाल, ही काय उंची झाली, आपलं पुणं याहून उंचावर आहे. खरं आहे. पण तिथं झाड नाही, आडोसा नाही, पश्चिमेचं वारं आडवं मारतं आणि नोव्हेंबर ते मार्च बर्फाचा भरवसा नाही. १९७० मध्ये एम-६ मोटरवे झाला तोपर्यंत ग्लासगोला जाणारा जवळजवळ प्रत्येक ट्रक याच रस्त्यानं जायचा.

आता त्या गाडीची ताकद ऐका. पन्नाशीच्या सुरुवातीचा आठ चाकी ट्रक, भरल्यावर बावीस टन. मागं ट्रेलर जोडला तर बत्तीस. आणि इंजिन गार्डनरचं ६एलडब्ल्यू, आठ लिटरच्या वरचं, सहा सिलिंडर, सुधारल्यानंतरची ताकद ११२ अश्वशक्ती. आज या सभागृहाबाहेर ज्या मोटारी लावल्यात त्यातल्या काहींना एवढी ताकद आहे, आणि त्या चार माणसं वाहतात. तर ही गाडी शॅप चढायची माणसाच्या चालीनं. ट्रेलर असेल तर कायद्यानं सोबत एक माणूस लागायचा, आपला क्लीनर म्हणा. तो पोरगा खाली उतरून लाकडी ठोकळा हातात घेऊन चाकाशेजारून चालायचा. गाडी मेली तर ठोकळा मागच्या चाकाखाली. खंबाटकीच्या जुन्या घाटात हेच चालायचं. मला हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला मी म्हटलं, मी हे लहानपणी पाहिलंय, तेव्हा त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर मी ऑफिसातली बाई होते.

या चढावर एक घड्याळ होतं. लेलँड कंपनीनं ब्रिटनच्या मोठ्या रस्त्यांवर जाहिरातीसाठी उंच खांबांवर घड्याळं उभारली होती, त्यातलं एक शॅपवर, ‘जंगल कॅफे’ नावाच्या ट्रकवाल्यांच्या हॉटेलाजवळ. त्यावर कंपनीचं नाव आणि पुढं ‘सर्वकाळासाठी’ अशा अर्थाचे शब्द. मनगटी घड्याळ ज्याला परवडत नव्हतं त्या पोराला तेच घड्याळ. एकानं मला सांगितलं की अंधारात चढताना आधी त्या घड्याळाचा उजेड दिसायचा आणि मगच त्याला वाटायचं की आज पोचतो. मोटरवे झाल्यावर रस्ता ओस पडला, कॅफेत कुणी थांबेना, आणि घड्याळ उचलून केंडलमध्ये नेऊन उभं केलं. तिथं आजही आहे. मी ते बघितलंय. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो शॅपच्या माथ्याजवळ रस्त्याकडेला असलेला स्मारकाचा दगड. या अवघड वाटेनं उत्तर-दक्षिण जोडून ठेवणाऱ्या ड्रायव्हरांची आणि गाड्यांची त्यावर आठवण आहे, आणि खराब हवेत अडकलेल्यांना ज्यांनी जेवण आणि निवारा दिला त्या आसपासच्या लोकांचीही. दगडावर राजांची आणि सेनापतींची नावं आपण रोज बघतो. ड्रायव्हरला सूप देणाऱ्या शेतकरणीची आठवण कोरलेला दगड मी आयुष्यात हा एकच पाहिला.

आता आठवणींकडं येते. पहिल्या काही मुलाखती मी वाया घालवल्या. मी विचारायचे, ‘ती गाडी कशी होती?’ उत्तर यायचं, ‘चांगली होती.’ संपलं. एकदा चौऱ्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ, बायको चहा करायला आत गेलेली, मला गिअर कसा बदलायचा ते सांगायला लागले, आणि शब्द अडले तेव्हा त्यांनी हात खाली नेला. खुर्चीच्या डाव्या बाजूला, गुडघ्याच्या मागं, जमिनीजवळ. डावा पाय दोनदा दाबला. क्लच दाबून न्यूट्रल, सोडला, थांबले. थांबले म्हणजे खरंच थांबले. मी टेपवर मोजलंय, तीन सेकंदांच्या वर. मग पुन्हा क्लच आणि हात पुढं. तो डबल क्लच होता, आपल्या ड्रायव्हरांना वेगळा समजवायला नको. पण मधली थांबण्याची जागा फक्त गार्डनरची. त्या इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चाक, इतकं जड की ॲक्सिलरेटर सोडला तरी फेरे सावकाश उतरायचे. घाई केली तर दात करकरणार, उशीर केला तर चढावर गाडी उभी राहणार. पन्नास वर्षं झाली होती, त्या माणसाला सकाळचं औषध आठवत नव्हतं, पण पायाला ते तीन सेकंद पाठ होते.

तेव्हापासून मी ‘कशी होती’ विचारणं सोडलं. मी विचारायला लागले, हात कुठं होता, पाय कुठं होता, कोणत्या कानाला काय ऐकू यायचं.

कानाचं विचारलं आणि एक गोष्ट सगळीकडं सापडायला लागली. मला भेटलेल्यांपैकी बऱ्याच जणांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच स्टेअरिंग उजवीकडं, आणि या सगळ्या गाड्यांत इंजिन केबिनच्या आत, ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्यामध्ये, वर पत्र्याचं किंवा फायबरचं झाकण. डावा कान इंजिनापासून हातभर लांब. दिवसाला दहा-अकरा तास, वीस-तीस वर्षं. एका घरी मी चुकून डाव्या बाजूच्या कोचावर बसले, तर त्यांची पत्नी म्हणाली, तिथून बोललीस तर भिंतीशी बोलशील.

आवाजांबद्दल मात्र ते सगळे भरभरून बोलायचे. गार्डनर संथ, पंगतीत श्लोक म्हणणाऱ्या आजोबांसारखा. फोडेननं १९४८ मध्ये स्वतःचं टू-स्ट्रोक डिझेल काढलं, चार लिटरचं छोटं इंजिन, १२६ अश्वशक्ती, त्याचा आवाज चिरत जायचा आणि गल्लीतल्या बायकांना आपला नवरा दोन मैलांवर असताना कळायचं म्हणे. कॉमर या आणखी एका ट्रक कंपनीचं एक इंजिन होतं, तीन सिलिंडर आणि सहा पिस्टन, एकाच सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर. त्याला सगळे ‘नॉकर’ म्हणायचे. याच्यावर तासभर बोलता येईल, पण आवाज शब्दांत सांगून कुणाला कळत नसतो.

स्कॅमेलबद्दल एवढंच सांगते की १९२९ मध्ये त्यांनी शंभर टन ओझं वाहणाऱ्या दोन अजस्र गाड्या बनवल्या. रेल्वेची इंजिनं बंदरावर न्यायची असत. गाडी इतकी लांब की मागची चाकं वळवायला मागं दुसरा माणूस बसायचा आणि पुढचा ड्रायव्हर त्याच्याशी टेलिफोनवर बोलायचा. एकाच गाडीचे दोन सारथी, मधोमध रेल्वेचं इंजिन, आणि गल्लीबोळातून वाट काढायची. त्या दोघांचं काय बोलणं होत असेल याचा मी फार विचार करते.

आता थंडीबद्दल. इथं मला थोडं थांबायचं आहे.

साठच्या दशकापर्यंत यांतल्या बहुतेक ट्रकांना हीटर नसायचा. हवा असेल तर जादा पैसे मोजून बसवून घ्यायचा, आणि मालक ते मोजत नसत. केबिन म्हणजे ॲश लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा, सुतारानं बांधलेला. आपल्याकडंही चॅसी यायची आणि केबिन स्थानिक मिस्त्री बांधायचे, तसंच. सांगाडा हलून हलून फटी पडायच्या. पेडलांच्या भोकांतून वारा वर यायचा. ड्रायव्हर सैन्यातला जाड ओव्हरकोट घालून बसायचे, पायांना कांद्याबटाट्याचं गोणपाट गुंडाळून. धुकं दाट असेल तर पुढची काच वर उघडून गाडी चालवावी लागे, कारण काचेतून काही दिसत नसे. बायकोनं दिलेला मटणाचा ‘पाय’, म्हणजे मटण भरून भाजलेली जाड करंजी म्हणा, इंजिनाच्या झाकणावर ठेवायचा, दोन तासांनी गरम. ही आठवण प्रत्येक जण हसत सांगतो. पाय गोठायचे हेही हसतच सांगतात. गुडघे मात्र सगळ्यांचे गेलेले.

१९६२-६३चा हिवाळा ब्रिटनमध्ये गेल्या शतकातल्या कडक हिवाळ्यांपैकी एक. डिझेलमधलं मेण गोठायचं, नळी बंद, गाडी उभी. ड्रायव्हर खाली उतरून टाकीखाली चिंध्या पेटवायचे. हो, डिझेलच्या टाकीखाली जाळ. मी घाबरून विचारलं तर सांगणारा ड्रायव्हर म्हणाला, दुसरं काय पेटवणार? गाडीत बसून मरायचं का?

आणि ताडपत्री. बंद बॉडीचे ट्रक कमी, सपाट फळीचे जास्त. कापसाचे गठ्ठे, कागदाचे रोल, पिंप, काहीही असो, ड्रायव्हरनं स्वतः ताडपत्री टाकायची आणि रस्सीनं आवळायचं. ओली ताडपत्री दोघांना उचलत नाही, आणि तिथं ती ओलीच असते. रस्सी आवळायची एक गाठ असते, फासा करून त्यातून टोक ओढलं की दुप्पट ताण बसतो. तिला तिथं ‘डॉली’ म्हणतात. एका म्हाताऱ्यानं मला ती दाराच्या कडीला मारून दाखवली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण शिरवळच्या अंगणात आप्पा हीच गाठ मारायचे. ते तिला काय म्हणायचे, ते मी कधी विचारलं नाही.

आता माझ्या खिडकीतली खतावणी. तिच्यात रकाने होते: मैल, तास, गॅलन, टायर, टनेज. मालक गाडी घ्यायचा तो हे रकाने बघून. आणि गार्डनर या रकान्यांत अजिंक्य होतं. एक गॅलन डिझेलमध्ये ते इतरांपेक्षा लांब जायचं आणि लवकर उघडावं लागत नसे. १९५८ मध्ये त्यांनी दीडशे अश्वशक्तीचं ६एलएक्स काढलं, पुढं एकशे ऐंशीचं. मालकांच्या रांगा लागायच्या. ॲटकिन्सन घ्यायची असली तर गाडी तयार व्हायची, पण इंजिनासाठी थांबावं लागायचं, कारण पॅट्रिक्रॉफ्टवाले दर्जा सांभाळून जेवढी होतील तेवढीच इंजिनं बनवायचे. हे इंजिन थोर होतं, याबद्दल ड्रायव्हर आणि मालक यांच्यात मतभेद नव्हता. पण त्याच्याभोवतीची केबिन जितकी हलकी तितका माल जास्त. हीटर म्हणजे वजन आणि पैसे. थंडीचा रकाना माझ्या वहीत नव्हता. डाव्या कानाचाही नव्हता.

वेगाचंही तसंच. अवजड ट्रकला १९५७ पर्यंत ताशी वीस मैलांची मर्यादा होती. वीस! त्या वर्षी ती तीस झाली. एका दिवसात अकरा तासांहून जास्त चालवायचं नाही असाही कायदा. लंडन ते मँचेस्टर एकशे नव्वद मैल, वीसच्या वेगानं साडेनऊ तास. कागदावर बरोबर. प्रत्यक्षात लोक पस्तीसनं जायचे, पोलिसांवर डोळा ठेवायचे, आणि वाचलेला वेळ कॅफेत झोपून काढायचे. उतारावर न्यूट्रल करून सोडायचे, कारण गार्डनर सतराशे फेऱ्यांच्या वर जात नाही, गिअरमध्ये गाडी धावणार किती? ब्रेक तापून वास सुटला की पोटात गोळा. मी १९७५ मध्ये ज्या लॉगशीट बघत होते त्याही अशाच नीटनेटक्या, प्रत्येक विश्रांती मिनिटावर बसलेली. कुणाचं आयुष्य इतकं सरळ नसतं. १९८०च्या सुमारास टॅकोग्राफ, म्हणजे गाडीचा वेग आणि वेळ आपोआप नोंदवणारं यंत्र, आला तेव्हा ड्रायव्हरांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हटलं. मला वाटतं त्यांना खरा त्रास वेगळा होता. तोवर प्रवासाची हकिगत सांगण्याचा अधिकार त्यांचा होता, खोटी का असेना.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनच्या गाड्या आल्या. व्होल्वो एफ-८६, मग एफ-८८, स्कॅनिया ११०. केबिन पोलादी, बंदिस्त, आत हीटर, शांत, खुर्ची माणसासाठी केलेली. आणि ज्या माणसांनी माझ्यापुढं ॲटकिन्सनसाठी डोळे पुसले, त्याच माणसांनी मालकाकडं जाऊन व्होल्वो मागितली होती. मी एकाला सरळ विचारलं, मग हे प्रेम कसलं? त्याला राग आला नाही. तो म्हणाला, ॲटकिन्सन चालवता येणं ही माझी कमाई होती, व्होल्वो कुणालाही चालवता यायची. पण संध्याकाळी पाय शाबूत घेऊन घरी जायचं असेल तर व्होल्वोच. मला हे उत्तर पुरतं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत पितळ चकाकतं, रंग नवा असतो, जून महिना असतो. जानेवारीत शॅपवर कुणी मेळावा भरवत नाही.

ब्रिटिश कारखान्यांनी काही केलं नाही असं नाही. लेलँड आणि एईसीनं १९६४ मध्ये पुढं कलणारी एर्गोमॅटिक केबिन काढली, ती चांगली होती. १९७३ मध्ये मॅरेथॉन, १९८० मध्ये रोडट्रेन हे लेलँडचे ट्रक आले. पण मध्ये १९६८ साली लेलँडच्या गळ्यात मोटारींचा सगळा डबघाईचा संसार बांधला गेला, आणि ट्रकनी कमावलेलं मोटारींनी खाल्लं. एईसीचा साऊथहॉलचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला, स्कॅमेल १९८८ मध्ये. संपांमुळं बुडाले, परदेशी मालामुळं बुडाले, अशी कारणं लोक सांगतात, त्यांत तथ्य आहे. माझं मत असं की त्याच्या कितीतरी आधी, तीस-चाळीस वर्षं, त्यांनी गाडी कशी असावी हे फक्त विकत घेणाऱ्याला विचारलं. त्यात बसणाऱ्याला विचारलं असतं तर स्वीडनहून कळण्याची वेळ आली नसती. ड्रायव्हरांच्या आठवणींना मी म्हणूनच गोड जुन्या गोष्टी समजत नाही. माझ्या खतावणीत जे रकाने नव्हते, त्यांची नोंद फक्त तिथं आहे.

आता आप्पा. ते १९९४ मध्ये गेले, तेव्हा मला नीट विचारता येत नव्हतं. गेल्या महिन्यात मी शिरवळला, त्यांच्याबरोबर अकरा वर्षं क्लीनर म्हणून राहिलेल्या मामांकडं गेले. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढं आहे. गप्पा नकोत म्हटलं, फक्त एवढंच सांगा, क्लच सोडल्यावर आप्पा डावा पाय कुठं ठेवायचे?

मामा काही बोलले नाहीत. उठले, लाकडी खुर्ची ओढली, बसले आणि डावा पाय उचलून मांडीखाली दुमडून घेतला. मग म्हणाले, कॉमेटचं इंजिन आत, मे महिन्यात खालचा पत्रा असा तापायचा की चपलेतून चटका बसायचा. घाट लागायच्या आधी मी खाली उतरून विहिरीवर गोणपाट भिजवून आणायचो आणि त्यांच्या पायाखाली टाकायचो. माथ्यावर पोचेपर्यंत ते कोरडं व्हायचं.